पलीकडच्याच शेतात पडला!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, दुपारच्या श्रीखंडाची सुस्ती मात्र अजून उतरायची होती. आठ वाजायच्या सुमाराला विदर्भापासून खानदेशापर्यंत गच्च्यांवर आणि अंगणांत एकदम गलका झाला. आकाशातून दिव्यांची माळ चालली होती. पुढे काही ठसठशीत गोळे, त्यांच्यामागे लांब शेपट्या, शेपट्यांच्या आजूबाजूला बारीक ठिणग्यांचा लवाजमा. सगळं एका रेषेत, एका चालीनं, सावकाश. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशात आणि गुजरातेतही लोकांनी ते पाहिलं. मोबाइल बाहेर निघाले आणि चित्रफिती रात्रीपर्यंत सगळीकडे फिरल्या. कुणी उल्कापात म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं, कुणाला क्षेपणास्त्र वाटलं.

असं काही दिसलं की पाहणाऱ्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं: ‘पडला बघ, त्या पलीकडच्याच शेतात!’ नागपूरचा माणूस हे म्हणतो आणि तोच गोळा पाहून साडेतीनशे किलोमीटरवरचा जळगावचा माणूसही हेच म्हणतो. दोघंही मनापासून सांगत असतात आणि बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात.

‘बहुतेक वेळा’ म्हणायचं कारण असं, की त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, खरोखरच काहीतरी पडलं. सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं! आसपासच्या शिवारात गोल टाक्याही सापडल्या. कड्याला अर्थातच आकाशातल्या दगडाचं कुठलंच लक्षण नव्हतं. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेचच अंदाज दिला, की हा फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी रॉकेटचा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालून तो घरी परतत होता. घर तेवढं चुकलं.

दगड कोणता आणि रॉकेट कोणतं, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. पण त्यासाठी आधी खऱ्या दगडाचं काय होतं ते पाहायला हवं.

तारा, उल्का, अशनी

आपण ‘तारा तुटला’ म्हणतो, पण दुसऱ्या दिवशी आकाशात तारे मोजले तर एकही कमी भरत नाही. तुटतो तो खडा. सूर्याभोवती फिरणारी धूळ, धूमकेतूंनी मागे टाकलेला चुरा, लघुग्रहांच्या टकरींतून उडालेल्या कपच्या हे सगळं पृथ्वीच्या वाटेत येत असतं. नासाच्या अंदाजानुसार रोज सुमारे ४४ टन माल असा आपल्याकडे येतो. आकडा मोठा वाटतो, पण तो जवळजवळ सगळा धुळीच्या रूपात येतो आणि साऱ्या पृथ्वीभर वाटला जातो.

त्या खड्यामुळे आकाशात उमटणारी उजेडाची रेघ म्हणजे उल्का. साधी उल्का व्हायला वाळूचा जाडसर कण पुरतो. कणाऐवजी गोटी किंवा लिंबाएवढा दगड आला, तर ती रेघ राहत नाही, पेटता गोळा होतो. शुक्रापेक्षा जास्त तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणायचं, असा रिवाज आहे. आणि एवढं सगळं सोसून जो दगड जमिनीपर्यंत पोचतो, तो अशनी.

अशनी हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकांसाठी घडवलेला नाही. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त आकाशातून पडणाऱ्या तेजांचे पाच प्रकार सांगितले: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. त्यांतला मोठ्या आवाजानं कोसळून जमीन फोडणारा तो अशनि. विजेलाही त्यानं याच रांगेत बसवलं आणि प्रत्येकाची शुभाशुभ फळंही सांगितली, ती आज बाजूला ठेवायला हरकत नाही. पण गोंगाट करून जमिनीवर येणारा प्रकार वेगळा आणि वरच्या वर विझणारा वेगळा, हे निरीक्षण पक्कं होतं. युरोपातल्या विद्वानांना दगड आकाशातून पडतात हे पटायला १८०३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या लेगल गावाच्या परिसरात तीनेक हजार दगडांचा सडा पडला. सरकारनं चौकशीला पाठवलेल्या जाँ-बातिस्त बियो या शास्त्रज्ञानं गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, दगड गोळा केले आणि शेतकरी खरंच बोलतायत असा अहवाल दिला.

सहा सेकंदांत मुंबई-पुणे

उल्केची सगळी करामत वेगात आहे. बाहेरून येणारी कुठलीही वस्तू पृथ्वीच्या ओढीमुळे कमीत कमी सेकंदाला ११ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरते. जास्तीत जास्त वेग ७२ किलोमीटर. हा आकडा कुठून आला? पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं धावते. सूर्यमालेतला दगड आपल्या जवळपास असताना फार तर ४२ किलोमीटर वेगानं धावू शकतो. दोघं समोरासमोर आले तर बेरीज ७२.

मधला आकडा घेऊ, सेकंदाला २० किलोमीटर. या वेगानं मुंबईहून पुण्याला सरळ रेषेत सहा सेकंद लागतील.

पृथ्वीच्या धावण्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. पावसात स्कूटर चालवणाऱ्याची छाती ओलीचिंब होते आणि पाठ त्या मानानं कोरडी राहते. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या छातीच्या बाजूला येतो, म्हणून पहाटे उल्का जास्त दिसतात. संध्याकाळी आपण पाठीच्या बाजूला असतो. मागून येऊन पृथ्वीला गाठतील तेवढ्याच आपल्या वाट्याला.

वेगाचा हिशोब ऊर्जेत मांडला तर छाती दडपते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सेकंदाला २० किलोमीटर वेगानं येणाऱ्या एक किलो दगडात जवळपास पन्नास किलो टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा असते. दगडात ना दारू ना गॅस, जे काही आहे ते धावण्यात आहे. आणि ही ऊर्जा त्याला काही सेकंदांत कुठेतरी टाकून द्यायची असते.

घासून नाही, दाबून

उल्का का पेटते, याचं शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: हवेशी घर्षण होऊन. हे उत्तर अगदीच खोटं नाही, पण मुख्य काम घर्षण करत नाही.

सायकलच्या पंपानं चाकात हवा भरून पाहावी. दहा-बारा दट्टे मारल्यावर पंपाचं खालचं टोक हाताला चांगलंच गरम लागतं. दट्टा घासल्यामुळे तापला म्हणावं, तर मग वरचा भाग तेवढा का तापत नाही? खाली तापतं, कारण तिथं हवा दाबली जाते. हवा झटक्यात दाबली की तापते. डिझेल इंजिनाला प्लग लागत नाही तो याच गुणामुळे.

उल्केसमोरची हवा अशीच सापडते. साधा दगड फेकला तर पुढची हवा बाजूला सरकून वाट करून देते, कारण ‘दगड येतोय’ ही वर्दी हवेत आवाजाच्या वेगानं पुढे जाते. उल्का त्याच्या कित्येक पट वेगानं येते. वर्दीच पोचत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये पुढचे उतरायच्या आत मागच्यांचा लोंढा आदळावा, तशी हवा दगडापुढे कोंबली जाते आणि हजारो अंश तापून स्वतःच झगझगायला लागते. तिच्या धगीनं दगडाची कातडी वितळते, त्याची वाफ होते, वाफही चमकते. आपल्याला दिसतो तो हा तापलेल्या हवेचा आणि वाफेचा गोळा. त्याच्या आतला दगड फारच लहान असतो.

हे सगळं सुरू होतं जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास, जिथं हवा जवळजवळ नसल्यातच जमा आहे. विमानं उडतात त्याच्या नऊ-दहा पट उंचीवर.

दगड खाली येईल तशी हवा दाट होते, पुढचा दाब वाढतो आणि दगडात जुन्या भेगा असल्या तर तो फुटतो. इथं खरी आतषबाजी होते. गुळाचा खडा पाण्यात टाकला तर विरघळायला वेळ लागतो. तोच खडा कुटून टाकला तर बघता बघता नाहीसा होतो. फुटल्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, उरलेली ऊर्जा क्षणात बाहेर पडते, आणि गोळा असा भडकतो की अंगणातल्या तुळशीची सावली भिंतीवर पडून सरकावी.

हिरवा कसा, नारिंगी कसा

अग्निगोल पाहिलेल्यांचं रंगावरून कधी एकमत होत नाही. एक हिरवा म्हणतो, दुसरा नारिंगी, तिसरा निळसर. तिघंही बरोबर असू शकतात.

स्वयंपाकघरात डाळ उतू जाते तेव्हा गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी-नारिंगी होते. हा मिठातल्या सोडियमचा प्रताप. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतं. दगडातल्या मॅग्नेशियममुळे हिरवट-निळसर झाक येते, सोडियममुळे नारिंगी, लोखंडामुळे पिवळी, कॅल्शियममुळे जांभळट, आणि भोवतालच्या तापलेल्या हवेमुळे लाल. वेगवान उल्का आणि धिमी उल्का यांत या रंगांचं प्रमाण बदलतं, एकाच उल्केत वरपासून खालपर्यंतही बदलतं. शास्त्रज्ञ याच उजेडाची फोड करून, दगड हाती नसताना, तो कशाचा होता ते सांगतात.

मग तो शेतातच का पडतो?

जळगाव-नागपूरच्या वाक्याकडे परत येऊ. डोळा अंतर मोजतो ते ओळखीच्या गोष्टींच्या आधारानं. माणूस केवढा असतो ते ठाऊक आहे, म्हणून बारका दिसणारा माणूस लांब आहे हे कळतं. अंधाऱ्या आकाशातल्या गोळ्याला असा कुठलाच आधार नसतो. मेंदू मग आयुष्यभर पाहिलेल्या दिवाळीतल्या बाणांचं माप लावतो आणि अंतर ठरवतो: दोन शेतं ओलांडून.

आता प्रत्यक्ष भूमिती पाहू. समजा, नांदेडच्या बरोबर डोक्यावर, ८० किलोमीटर उंचीवर अग्निगोल भडकला. पुण्याहून नांदेड सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. पुण्यातल्या माणसाला तो पूर्वेच्या क्षितिजापासून साधारण दहा अंशांवर दिसेल. हात लांब करून मूठ वळली की मुठीच्या रुंदीएवढा कोन होतो, तो दहा अंशांचा. म्हणजे हडपसरच्या कुठल्यातरी सोसायटीच्या टाकीच्या जरा वर. तिथून तो आणखी खाली सरकला की टाकीआड जाणार, आणि पाहणारा शपथेवर सांगणार की गोळा हडपसरात पडला.

यातून एक उलटा नियम निघतो. गोळा टेकडीआड जाताना दिसला, तर तो आपल्यापासून बहुधा शेकडो किलोमीटर लांब होता. दगड जवळपास पडण्याची शक्यता असेल, तर गोळा डोक्यावर उंच आकाशातच विझताना दिसतो. ज्यांच्या शिवारात खरोखर दगड पडतो, त्यांना तो ‘पडताना’ दिसलेला नसतो.

उजेड आधी, आवाज मागाहून

रशियात मोटारींच्या काचेमागे कॅमेरे बसवायची पद्धत आहे; अपघात झाला की विम्याचे आणि पोलिसांचे वाद मिटवायला ते उपयोगी पडतात. १५ फेब्रुवारी २०१३च्या सकाळी या कॅमेऱ्यांनी विज्ञानाची मोठीच सेवा केली. उरल पर्वताजवळच्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा, बारा-तेरा हजार टन वजनाचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं आला आणि ३० किलोमीटर उंचीवर फुटला. क्षणभर तो सूर्यापेक्षाही तेजस्वी दिसला. रस्त्यावरच्या सावल्या गरकन फिरल्या.

आणि मग काहीच नाही. शांतता.

कचेऱ्यांतली, शाळांतली, घरांतली माणसं काय झालं ते बघायला खिडक्यांशी गेली. आकाशात धुराचा जाड पट्टा होता. लोक तो बघत उभे असताना, दोनेक मिनिटांनी, दणका आला. शहरभर काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी. एका शाळेत चौथीच्या बाईंनी उजेड पाहताच मुलांना बाकांखाली जायला लावलं. वर्गातली चव्वेचाळीस मुलं सुखरूप राहिली. बाई स्वतः मात्र कापल्या गेल्या.

वीज चमकल्यावर आकडे मोजायची सवय खेड्यात अजून आहे: दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तोच हिशोब इथं लागतो. ३० किलोमीटर उंचीवरच्या स्फोटाचा आवाज अगदी डोक्यावरून यायलाही दीड मिनिट लागतं, तिरपा आला तर आणखी. म्हणून आभाळ लख्ख उजळलं की पहिलं काम खिडकीपासून लांब होण्याचं, दुसरं कुतूहलाचं.

काही लोक मात्र सांगतात की गोळा दिसताना त्याच वेळी ‘सर्रर्र’ किंवा तळणीसारखा आवाज आला. १७१९ साली इंग्लंडभर दिसलेल्या अग्निगोलाबद्दल असं कुणी सांगितलं, तेव्हा एडमंड हॅलेनं, तोच धूमकेतूवाला, हा मनाचा खेळ म्हणून निकालात काढलं. तक्रारी मात्र तीनशे वर्षं येतच राहिल्या. कॉलिन की या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९८०मध्ये सुचवलं, की उल्केतून रेडिओलहरी निघत असाव्यात आणि त्यांनी जवळपासच्या वस्तू थरथरत असाव्यात. २०१७मध्ये अमेरिकी संशोधकांनी दुसरा मार्ग दाखवला: गोळ्याचा उजेड झपाझप कमीजास्त होतो, त्या उजेडानं पानं, केस, गडद कपडे क्षणोक्षणी किंचित तापतात-निवतात आणि लगतच्या हवेत बारीक आवाज उठतो. प्रकाशाला यायला वेळ लागत नाही, म्हणून हा आवाजही उशिरा येत नाही. वाद पुरता मिटलेला नाही, पण साक्षीदारांना खुळ्यात काढणं आता बंद झालं आहे.

शेवटचा टप्पा अंधारात

अग्निगोल विझला म्हणजे दगड संपला असं नव्हे. हवेनं ब्रेक लावता लावता वेग सेकंदाला तीनेक किलोमीटरवर येतो आणि दगडाचं झगझगणं थांबतं. तोवर तो जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर असतो. तिथून पुढे तो इतर कुठल्याही दगडासारखा, ताशी दोन-तीनशे किलोमीटर वेगानं, अंधारात, काही मिनिटं पडत राहतो. कुणालाच दिसत नाही.

त्यामुळे पेटता दगड गंजीवर पडला आणि गंजी जळाली, ही कथा जरा जपूनच ऐकावी. वांगं विस्तवावर पाच सेकंद धरून काढलं तर साल काळी होते, आत गर कच्चाच. दगडाचंही तसंच. कोट्यवधी वर्षं अवकाशात गारठलेला तो, काही सेकंदच धगीत असतो. वितळलेला थर तर लगेच वाऱ्यानं उडून जातो. आणि पुढची वाट उणे पन्नास अंशांच्या हवेतून. जमिनीवर येतो तो फार तर कोमट. अंगावर मिलिमीटरभर जाडीची काळी साल राहते, आतला दगड बहुधा करडा. ही साल अशनीची पहिली खूण.

दगड फुटला असेल तर तुकडे लांबट पट्ट्यात विखुरतात. मूठभर मुरूम भिरकावला तर खडे लांब जातात आणि माती जवळच खाली बसते. तसे मोठे तुकडे पुढे, लहान मागे. त्यात वाऱ्याचं गणित मिसळतं. खळ्यावर उपणताना फोल वाऱ्याबरोबर सरकतं, तसे हलके तुकडे त्या दिवशीच्या वाऱ्यानं बाजूला जातात. म्हणून शोधायला निघालेल्यांना आधी हवामान खात्याकडून वरच्या वाऱ्यांची माहिती लागते.

अगदी प्रचंड दगड मात्र हवेला जुमानत नाहीत. बुलढाण्यात लोणारला सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी जो आला, त्यानं काळ्या कातळात १.८ किलोमीटर व्यासाचं विवर केलं. त्याच्यासाठी वातावरण असून नसल्यासारखंच होतं.

साक्षीदारांची भूमिती

आपण जवळ पडला म्हणतो, रंग वेगळा सांगतो, वेळही चुकवतो. तरीही दगड शोधायचा तर साक्षीदारच लागतात. एकाची साक्ष कुचकामाची; दोन गावच्या दोघांची मिळून सोन्यासारखी.

हॅलेनं १७१९ साली हेच केलं. इंग्लंडच्या निरनिराळ्या गावांतून तो गोळा किती उंच आणि कुठल्या दिशेला दिसला, ते गोळा करून त्याची उंची साठ मैलांहून अधिक असल्याचं काढलं. १७९८मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनचे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी काही किलोमीटर अंतर ठेवून रात्री बसले आणि एकच उल्का दोघांनी ताऱ्यांच्या कुठल्या पार्श्वभूमीवर पाहिली ते टिपत गेले. एक बोट डोळ्यांसमोर धरून आधी डावा, मग उजवा डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकतं. किती सरकलं त्यावरून बोटाचं अंतर निघतं. दोघं विद्यार्थी म्हणजे काही किलोमीटर अंतरावरचे दोन डोळे.

पुढे डोळ्यांची जागा कॅमेऱ्यांनी घेतली. ७ एप्रिल १९५९ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात प्रशिब्रामजवळ पडलेल्या अग्निगोलाची छायाचित्रं दोन ठिकाणांहून मिळाली. झ्देनेक त्सेप्लेखा यांनी त्यावरून दगड पडल्याची जागा काढली, तिथून चार तुकडे मिळाले, आणि वाट उलटी ओढली तेव्हा ती मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पोचली. दगड हातात आणि त्याचा पत्ताही हातात, हे पहिल्यांदाच घडलं.

आता तर दारावरच्या घंटीतला कॅमेराही साक्ष देतो. २८ फेब्रुवारी २०२१च्या रात्री इंग्लंडवर दिसलेल्या गोळ्याच्या चित्रफिती आकाश टेहळणाऱ्या कॅमेऱ्यांबरोबर घरांच्या दारांवरूनही आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विंचकम गावात एका घरासमोरच्या गाडीवाटेवर कोळशाच्या भुग्यासारखा ढीग दिसला. घरच्यांनी तो भराभर पिशव्यांत भरून ठेवला. पाऊस लागायच्या आत उचलला हे फार बरं झालं, कारण त्या अशनीतल्या खनिजांत पाणी होतं, आणि त्या पाण्याची घडण पृथ्वीवरच्या पाण्याशी जुळणारी निघाली.

चौकट: दगड की रॉकेट?

*पृथ्वीभोवती फिरणारी निकामी रॉकेटं आणि उपग्रह सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगानं परततात. उल्का अकराच्या खाली नसतेच. शिवाय रॉकेट जवळजवळ आडवं, क्षितिजाला लगटून येतं. अग्निगोल बहुधा ‘अरे’ म्हणेपर्यंत संपतो, फार तर दहाएक सेकंद टिकतो. स्वयंपाकघरातून माणसं बाहेर बोलावली, खिशातून फोन काढला, उघडला, चित्रीकरण केलं आणि तरी तो चाललेलाच असेल, तर ते रॉकेट समजावं. पाडव्याच्या रात्री एवढ्या चित्रफिती निघाल्या, यातच उत्तर होतं.*

*अग्निगोल दिसला तर घड्याळ पाहावं, उभं होतो ती जागा पक्की लक्षात ठेवावी, गोळा कुठल्या झाडामागून, खांबावरून, टाकीजवळून गेला ते आठवून दुसऱ्या दिवशी होकायंत्रानं दिशा मोजावी, उंची मुठींत सांगावी. आवाजासाठी पाच मिनिटं कान देऊन थांबावं.*

*मुद्दाम पाहायचे असतील तर ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचा आपल्याला फारसा उपयोग नाही, तो श्रावणातल्या ढगांत बुडतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा वर्षाव आपला. थंडी, कोरडं आभाळ आणि गावाबाहेरचा अंधार एवढं जमलं की झालं.*

काटोलची दुपार

२२ मे २०१२, नागपूर जिल्ह्यातलं काटोल. दुपारचे दोन वाजून गेलेले, विदर्भातला मे महिना, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरूही नसायची वेळ. भर उन्हात आकाशात गोळा चमकला, दणका झाला आणि गावात-शिवारात दगड पडले. तीसेक तुकडे गोळा झाले, वजन मिळून तेराएक किलो. काळी साल, आत करडा रंग.

हा तसा साधा अशनी. पडणाऱ्या दगडांत हाच प्रकार सर्वाधिक. पण त्यातल्या काचेसारख्या काळ्या शिरा आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या तेव्हा त्यांत ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच, पण ते साडेसहाशे किलोमीटरच्या खाली, प्रचंड दाबात तयार होतं आणि वर येताना मोडून दुसरंच काहीतरी होतं. त्यामुळे त्याला नावसुद्धा २०१४पर्यंत नव्हतं. तेही मिळालं ते ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका अशनीत सापडल्यावर. काटोलच्या दगडात ते तयार झालं अवकाशातल्या टकरीत. दोन दगड असे आदळले की क्षणभर पृथ्वीच्या पोटातल्याएवढा दाब झाला, आणि लगेच निवल्यामुळे खनिज जसंच्या तसं गोठून राहिलं.

रशियात कोला इथं माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक सव्वाबारा किलोमीटरचं आहे. तेवढ्यातच यंत्रं थकली. साडेसहाशे किलोमीटर खालच्या मालाचा हा नमुना मात्र काटोलला वरून आला, दुपारच्या उन्हात, आणि उचलला तेव्हा बहुधा गावच्या डांबरी रस्त्यापेक्षाही गार होता.